वयाचा पुरावा आणि दारावरचा माणूस

रविवार, रात्र

रात्रीची जेवणे आटोपल्यावर आज मी सिनेमॅटोग्राफ कायद्यातील, म्हणजे चित्रपटांना प्रमाणपत्र देण्याविषयीच्या कायद्यातील, २०२३ ची दुरुस्ती वाचत बसले. असले वाचन करण्याची वेळ माझ्यावर यापूर्वी कधी आली नव्हती, आणि दुपारी धाकट्याचा चित्रपटगृहाच्या दारातून फोन आला नसता, तर ती आजही आली नसती.

तो दहावीत आहे आणि सोळा वर्षे पूर्ण व्हायला त्याला अजून काही महिने आहेत. शाळेतील तीन मित्रांबरोबर एक हाणामारीचा हिंदी चित्रपट पाहण्याची परवानगी त्याने माझ्याकडून आणि त्याच्या बाबांकडून रीतसर घेतली होती. तिकिटेही मीच माझ्या फोनवरून काढून दिली होती. चित्रपटाला 'यूए १६+', म्हणजे सोळा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असे प्रमाणपत्र आहे, हे तिकिटे काढताना मी वाचले होते आणि आम्हा दोघांना त्यात वावगे वाटले नव्हते. दारावर तिकिटे तपासणाऱ्या गृहस्थांनी मात्र चौघांकडे आधार कार्ड मागितले, जन्मतारखा पाहून दोघांना आत सोडले आणि उरलेल्या दोघांना बाजूला उभे केले. मुलाने फोन लावून त्यांच्या हातात दिला. मुलगा माझा आहे, चित्रपट कसा आहे हे मला ठाऊक आहे आणि माझी त्याला परवानगी आहे, असे मी सांगितले. त्यावर ते आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, फोनवर कोणीही आई होऊ शकतं. मी कसं ओळखायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर आत्ताही नाही. आत गेलेले दोघे मित्र पाच मिनिटांत बाहेर आले, चौघांनी कोपऱ्यावर वडापाव खाल्ला आणि घरी परतले. तिकिटांचे पैसे गेले ते गेलेच.

मूळ कायदा १९५२ चा आहे. पुढे १९८३ पर्यंत आपल्याकडे सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी 'यू' आणि प्रौढांसाठी 'ए' अशी दोनच प्रमाणपत्रे होती. त्या वर्षी बारा वर्षांखालील मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहता येईल असे 'यूए' आणि डॉक्टरांसारख्या विशिष्ट वर्गापुरते 'एस' ही दोन त्यांत जोडली गेली. बारा वर्षांचे मूल आणि सतरा वर्षांचा तरुण यांच्यात काहीच फरक नसल्यासारखी ही व्यवस्था चाळीस वर्षे चालली. श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये 'यूए'चे बारा आणि पंधरा असे वयाचे टप्पे सुचवले होते. प्रत्यक्षात २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे आणले आणि मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. हा बदल मला मनापासून पटतो, कारण तेरा वर्षांच्या मुलाला काय पाहू द्यावे हे ठरवताना पालकाला कोणीतरी बोट धरून थोडी दिशा दाखवणे उपयोगाचेच असते.

परंतु त्याच दुरुस्तीत एक वाक्य असे आहे, की ते वाचून मी क्षणभर थांबले. हे वयाचे टप्पे केवळ पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत आणि पालकांखेरीज अन्य कोणालाही त्यांची अंमलबजावणी करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाने 'यूए १६+' चित्रपट पाहावा की नाही, हा निर्णय कायद्याने माझ्या हाती दिला आहे. दारावरच्या माणसाच्या हाती नाही, त्याच्या व्यवस्थापकाच्या हाती नाही आणि प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाच्याही हाती नाही. दुपारी जे घडले त्याला कायद्याचा आधारच नव्हता.

'ए' प्रमाणपत्राची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. या कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती प्रौढ होय, आणि प्रौढांसाठीचा चित्रपट त्याहून लहान व्यक्तीला दाखवणे हे कायद्याचे उल्लंघन आहे. त्यासाठी कायद्यात कारवाईची तरतूद आहे. ही कारवाई चित्रपट दाखवणाऱ्यावर होते, चोरून आत शिरलेल्या मुलावर नाही, हे मला विशेष वाटले. तीन वर्षांखालील मूल सोडले, तर आई-वडील बरोबर असले म्हणून यात सूट मिळत नाही.

आता प्रत्यक्षात काय दिसते ते लिहून ठेवते. दोनेक वर्षांपूर्वी 'ए' प्रमाणपत्र असलेल्या एका हिंदी चित्रपटाला आम्ही दोघे गेलो होतो, तेव्हा आमच्या पुढच्या रांगेत एक कुटुंब सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन बसले होते. रक्तपाताच्या प्रसंगी तिची आई तिच्या डोळ्यांवर हात धरत होती आणि प्रसंग संपला की काढत होती. आवाजाचे काय करायचे, हे बहुधा तिला सुचले नसावे. त्यांना दारावर कोणी काही विचारले नव्हते, कारण विचारले असते तर वडिलांशी हुज्जत झाली असती, मागची रांग खोळंबली असती आणि पाठोपाठ व्यवस्थापकाला यावे लागले असते. चौघे शाळकरी पोरगे मात्र 'काका, प्लीज' यापलीकडे काही बोलत नाहीत. त्यांना अडवणे सोपे असते, आणि त्यांना अडवले की नियम पाळल्याचे समाधानही मिळते. जिथे कायदा सक्ती करतो तिथे दार सताड उघडे आणि जिथे तो केवळ सल्ला देतो तिथे नाकाबंदी, असा हा उलटा कारभार आहे, आणि माझी खरी तक्रार एवढीच आहे.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांना कोणीतरी 'सोळाच्या खालचे सोडू नका' एवढेच सांगितले असणार. 'ए' आणि 'यूए १६+' यांतला फरक त्यांना बसवून समजावला असेल, असे मला वाटत नाही. प्रमाणपत्रावर आकडा छापला की तो नियमासारखा दिसतो. त्यातून एखादा वाद झालाच, तर तो त्यांच्या अंगावर येणार, तिकीट विकणाऱ्याच्या नाही.

माझ्या लहानपणी तिकीटखिडकीत बसलेला माणूस आधी चेहरा पाहायचा. पोस्टरच्या कोपऱ्यात 'फक्त प्रौढांसाठी' असे छापलेले असले आणि खिडकीपाशी मिसरूडही न फुटलेला मुलगा आला, तर तो तिकीटच देत नसे. मुलाची फजिती होई, पण पैसे त्याच्या खिशात राहत. खिडकीतून सुटला, तर पुढे डोअरकीपर असायचा. त्या काळी शाळकरी मुलाकडे छायाचित्राचे ओळखपत्र म्हणजे फार तर एस.टी.चा पास, त्यामुळे सगळा हिशेब अंदाजाने चाले. (मुलींना कोणी वय विचारल्याचे मला आठवत नाही, असल्या चित्रपटाला मुली एकट्या जाऊच शकत नाहीत, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते.) आता तिकीट फोनवर निघते. 'ए' चित्रपट असेल तर वयाची सूचना पडद्यावर येते, आपण ती बोटाने बाजूला सारतो आणि पैसे कापले जातात. चेहरा पहिल्यांदा दिसतो तो थेट दारात, आणि तिथल्या माणसाला पैसे परत देण्याचा अधिकार नसतो. विकणाऱ्याने पाहायचे नाही आणि पाहणाऱ्याने परत करायचे नाही, अशी ही सोयीची वाटणी आहे.

पुराव्याचेही कठीणच आहे. थोरली आता अठराची झाली, पण अकरावी-बारावीत असताना तिच्या कॉलेजच्या आवारात सोळापासून एकविसापर्यंतची मुले एकत्र वावरत होती आणि त्यांच्या ओळखपत्रावर रक्तगट होता, वडिलांचा फोन नंबर होता, जन्मतारीख मात्र नव्हती. वाहनाचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो तो केवळ पन्नास सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचा, आणि तो काढणारे फारच थोडे. म्हणून सगळी भिस्त आधारवर. गंमत अशी, की ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात वय ठरवण्यासाठी आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. माझ्या मुलाला तो दाखला मिळायला अजून शाळा सोडावी लागेल.

मला अधिक खुपते ते वेगळेच. जन्मवर्ष पाहायचे असते, पण दाखवावे लागते ते नाव, छायाचित्र आणि कार्ड उलटले तर घरचा पत्ताही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने अनोळखी माणसाच्या हातात हे सारे ठेवावे, हे थोरलीच्या बाबतीत मला कधीच आवडले नाही. आधारच्या नव्या ॲपमध्ये निवडक माहितीच दाखवण्याची सोय आली आहे; चित्रपटगृहे तेवढीच मागायला शिकली तर पुष्कळ होईल.

धाकट्याचा युक्तिवाद निराळा आहे. "आई, हाच पिक्चर दोन महिन्यांनी घरी टीव्हीवर येणार, तेव्हा कोण आधार मागणार?" असे तो जेवताना म्हणाला. घरातही नियम आहेत, हे मी त्याला सांगितले. ओटीटीसाठी २०२१ च्या नियमांत सात, तेरा, सोळा हेच टप्पे आहेत, तेरापासून पुढच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलपाची सोय द्यावी लागते आणि 'ए' वर्गासाठी वय पडताळण्याची विश्वसनीय यंत्रणा असावी लागते. दूरचित्रवाणीवर तर 'ए' चित्रपट आहे तसा दाखवताच येत नाही. मुंबईतील एका प्राध्यापिकेच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याविषयी कडक भूमिका घेतली होती. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, "आपल्या टीव्हीच्या कुलपाचा पासवर्ड कोणाला माहीत आहे?" तो त्यानेच सेट करून दिला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

तरीही घरात एक गोष्ट घडते जी दारावर घडू शकत नाही. तिथे परवानगी देणारा आणि घेणारा एकमेकांसमोर असतात. कायद्याने निर्णय पालकावर सोपवला, पण पालक घरी आणि मूल दारात असेल तेव्हा तो निर्णय तिथवर कसा पोहोचवायचा, याची काहीच तरतूद केलेली नाही. तिकीट पालकाच्या खात्यातून निघाले असेल, तर ते काढतानाच 'माझ्या सोळा वर्षांखालील पाल्यासाठी' अशी एक खूण करण्याची सोय का असू नये? ती खूण तिकिटावर उमटली, तर दारावरच्या माणसाला आई ओळखत बसावे लागणार नाही. आणि चौदा वर्षांच्या मुलाने स्वतःच तिकीट काढले, तर ती खूण नसेल, एवढेच.

चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकांना उद्या पत्र धाडणार आहे. मसुदा तयार आहे. त्यात तिकिटांचे पैसे मागितलेले नाहीत. तिकीटखिडकीपाशी आणि प्रत्येक पडद्याच्या दारावर 'यू', तीन प्रकारचे 'यूए' आणि 'ए' यांचा अर्थ मराठीत लिहिलेला फलक लावावा, 'यूए'च्या चित्रपटाला मुलांना वयावरून अडवू नये आणि 'ए'च्या चित्रपटाला आई-वडिलांबरोबर आलेल्या मुलांसकट सगळ्यांचे वय पाहावे, अशा तीन विनंत्या आहेत. तिसरी विनंती वाचून ह्यांनी विचारले, की त्या आठ वर्षांच्या मुलीच्या वडिलांशी भांडायला दारावर उभे कोण राहणार. ते वाक्य मी पत्रात तसेच घातले आहे, आणि त्यापुढे लिहिले आहे की ते काम व्यवस्थापकांनी स्वतः करावे.