ताईंबरोबर ऐकलेले चार सिनेमे

दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी सिनेमांचं ऑडिओ डिस्क्रिप्शन लिहिणं हे माझं काम. दोन संवादांच्या मधे जी मोकळी जागा सापडते, तिच्यात पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं. ही जागा कधी चार सेकंदांची असते, कधी जेमतेम दीड. संवादावर बोलायचं नाही, महत्त्वाच्या आवाजावर बोलायचं नाही आणि दिसतं तेवढंच सांगायचं. अर्थ लावायचा तो ऐकणाऱ्यानं. मी लिहिलेलं सगळं आमच्या ताई तपासतात. त्या जन्मापासून दृष्टिहीन आहेत आणि सिनेमाचं वेड आमच्यात त्यांनाच सगळ्यात जास्त.

नव्या लेखकांना शिकवण्यासाठी वेगवेगळ्या धाटणीचे सिनेमे निवडायचे होते, म्हणून आम्ही दोघींनी एक अख्खा दिवस मोकळा ठेवला. मी सिनेमे आधी पाहून टिपणं काढली होती, ताईंना ते पूर्ण नवे होते. मी शेजारी बसून तोंडी निवेदन करायचं आणि सिनेमा संपला की दोघींनी आपापलं मत थोडक्यात नोंदवायचं, असं ठरलं.

पहिला '१२ अँग्री मेन', १९५७चा. खुनाच्या खटल्यावर निर्णय द्यायला एका खोलीत बसलेले बारा ज्युरी, आणि जवळजवळ शेवटपर्यंत कुणाचंच नाव कळत नाही. म्हणून प्रत्येकाच्या बोलण्याआधी त्याचा क्रमांक सांगायचा, असं मी ठरवलं होतं. थोड्याच वेळात ताई म्हणाल्या, "आवाज ओळखीचे झाले गं. आता कोण उठलं, कोण खिडकीपाशी गेलं, एवढंच सांग." हेन्री फोंडा खुनातल्या चाकूसारखाच तस्साच दुसरा चाकू काढून टेबलात रोवतो, तिथे 'तो खिशात हात घालतो' एवढंच म्हणून मी थांबले. त्या आवाजानं ताई खुर्चीत दचकल्या.

आमचं बिनसलं ते कॅमेऱ्यावरून. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांनी या सिनेमात हळूहळू जास्त फोकल लेंग्थची, म्हणजे दूरचं जवळ आणून दाखवणारी भिंगं वापरली आणि कॅमेरा खाली खाली आणला. त्यामुळे भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात आणि शेवटी शेवटी छतही दिसू लागतं. 'खोली लहान वाटते' म्हटलं तर तो अर्थ लावणं झालं, म्हणून मी 'आता डोक्यांवर छत दिसतंय' असं सांगितलं. ताईंना ते फुकट गेलेलं वाक्य वाटलं. "शर्ट घामानं अंगाला चिकटलेत म्हणालीस ना, तेवढ्यानंच मला कोंडल्यासारखं झालं." मला मात्र ते वाक्य अजूनही हवंच आहे. माझं मत: संवादांवर उभ्या असलेल्या सिनेमातही बघण्यासारखं किती असतं, हे शिकण्यासाठी याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

मग भयपट, २०१८चा 'अ क्वाएट प्लेस'. आवाजाच्या मागावर येऊन माणसं मारणारे प्राणी आणि त्यांच्यापासून जीव वाचवत न बोलता जगणारं एक कुटुंब. निवेदकासाठी हा फार अवघड सिनेमा, कारण शांततेतच सगळी भीती आहे आणि मी तोंड उघडलं की ती मोडते. कुटुंबातली मुलगी बहिरी आहे. ती भूमिका करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतःही बहिरी आहे. कॅमेरा त्या मुलीच्या जागी जातो, तेव्हा काही ठिकाणी आवाज पूर्णपणे नाहीसा होतो. डोळस प्रेक्षकाच्या समोर त्या वेळी निदान चित्र तरी असतं. ताईंच्या समोर काहीच उरलं नाही. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "बंद पडलं का?" तिथे आम्ही थांबलो आणि एक वाक्य नक्की केलं: 'तिला काहीच ऐकू येत नाही.' शांतता सुरू व्हायच्या आधी ते म्हणायचं आणि मग गप्प राहायचं. तो भाग पुन्हा लावला तेव्हा ताई श्वास रोखून बसल्या होत्या. जिन्याच्या पायरीवर वर आलेल्या खिळ्याचंही तसंच. तो खिळा वेळेवर सांगितला नाही, तर पुढच्या सगळ्या प्रसंगातला जीवच जातो. ताईंचं मत: "उत्तम सिनेमा, पण वाईट निवेदनानं सहज मरेल असा."

'फ्लो' हा २०२४चा लाटव्हियन ॲनिमेशनपट ताईंना लांबलेला वाटला. त्यात एकही संवाद नाही. पुरात सापडलेली एक मांजर आणि एका नावेत तिच्यासोबत आलेले इतर प्राणी. संवादच नाहीत म्हटल्यावर सगळीच जागा मोकळी, आणि तिथे निवेदकाच्या तोंडाला खळ राहत नाही. मी कमी बोलायचं ठरवलं होतं. ताईंना तेही जास्तच झालं. मला तो सिनेमा मनापासून आवडतो. प्राणी प्राण्यांसारखेच वागतात, कुणीही माणसाचं सोंग घेत नाही, हे फार क्वचित बघायला मिळतं.

शेवटी 'द झोन ऑफ इंटरेस्ट', २०२३चा, जोनाथन ग्लेझर यांचा. नाझींच्या आउशवित्झ छळछावणीच्या भिंतीला लागून छावणीचा प्रमुख रुडॉल्फ होस याचं घर. छावणीच्या आत काय चाललंय ते पडद्यावर दिसत नाही, फक्त ऐकू येतं: गोळ्या, ओरडणं, भट्ट्यांची अखंड घरघर. ध्वनीसाठी या सिनेमाला ऑस्कर मिळालं. सुरुवातीला बराच वेळ पडदा काळाच असतो आणि फक्त संगीत चालू असतं. ताई म्हणाल्या, "हे तुम्हा लोकांसाठी दिसतंय. ऐकायला शिका म्हणून."

माझ्या टिपणांत सगळा भर भिंतीपलीकडच्या आवाजांना जागा देण्यावर होता. ताईंनी तो उलटा केला. "आवाज मला ऐकू येतोच आहे. बाग सांग. कुठली झाडं, मुलं काय खेळतायत, टेबलावर काय मांडलंय." बरोबर होतं ते. बाग सांगितली नाही, तर त्यांना नुसती छावणीच ऐकू येणार. या सिनेमातलं भयंकर आहे ते म्हणजे तिच्याशेजारचा निवांत संसार, आणि तो फक्त डोळ्यांना दिसतो. मी पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागले.

प्रमुखाची बायको हेडविग खोलीत एकटी असते, तिथे मी म्हटलं: 'ती आरशासमोर फरकोट घालून बघते. खिशात हात घालते. लिपस्टिक सापडते. ती ओठांना लावते.' ताईंनी सिनेमा थांबवायला सांगितला. खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कोट दुसऱ्या बाईचा आहे." मी तसं कुठेही म्हटलं नव्हतं.

पुढे एका फुलाच्या अगदी जवळून घेतलेल्या दृश्यानंतर पूर्ण पडदा लाल होतो. जन्मापासून न पाहिलेल्या रंगाचं नाव घ्यावं का, असं मी विचारलं. ताई चिडल्या. "लाल म्हणजे काय ते आयुष्यभर ऐकत आले आहे मी. गाळू नकोस."

नव्या लेखकांना पहिला हाच सिनेमा द्यायचा, यावर आमचं लगेच एकमत झालं. फरकोटाची चार वाक्यं जशीच्या तशी धड्यात घेतली. 'अ क्वाएट प्लेस' फक्त अनुभवी लेखकांसाठी ठेवला. '१२ अँग्री मेन'मधलं छताचं वाक्य दोन्ही मतांसकट वहीत आहे. 'फ्लो' मी आग्रहानं यादीत ठेवला आणि ताईंनी त्याच्यापुढे स्वतःचा विरोध माझ्याकडूनच लिहून घेतला.