काकूंनी ओआरएस मागितलं होतं

आषाढी एकादशी होती, मेडिकल उघडून अर्धा तास पण झाला नव्हता. कोल्हापुरात माझं मेडिकल आहे, चौदा वर्षं झाली, गल्लीतली निम्मी माणसं चिठ्ठी न दाखवता नुसतं "माझी ती नेहमीची दे" म्हणतात आणि मला कळतं पण कुठली ते. मागच्या गल्लीतल्या काकू चपला न घालताच आल्या. "ओआरएसचं पाकीट दे बाळा लवकर, ह्यांना उपवास सोसंना झालाय."

मी पाकीट काढता काढता विचारलं, काय होतंय? तर म्हणाल्या घाम फुटलाय, काहीतरी बडबडायलेत, आणि मला आक्का म्हणून हाक मारली. काकांची आक्का जाऊन वीस वर्षं झाली. काकांना शुगर आहे हे मला माहीत होतं, गोळी माझ्याकडूनच जाते ना. पोऱ्याला काउंटरला उभं केलं, ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडरचा डबा उचलला आणि काकूंच्या मागं पळालो.

काका पलंगावर बसलेले, बनियन भिजून चिंब, डोळे उघडे पण माणूस तिथं नव्हता. शुगर आली 41. सत्तरच्या खाली गेली की ती कमीच धरतात, चोपन्नच्या खाली म्हणजे धोका. गिळता येतंय का ते आधी बघितलं, कारण शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी-साखर कधीच घालायची नाही, ती फुप्फुसात जाते. काका घोट घेत होते, मग तीन मोठे चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून हळूहळू पाजलं. पंधरा मिनिटांनी 66, परत तेवढंच दिलं, मग 94. काकांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तू कधी आलास?"

मी म्हटलं काका सकाळपासून काय काय घेतलं? तर चहा सुद्धा नाही, पूजा झाल्यावर घेणार होते, पण गोळ्या मात्र घेतल्या, गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणून. गोळ्या दाखवा म्हटलं तर काकूंनी बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा आणला. त्यात माझ्या दुकानातली स्ट्रिप, ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन, दोन्ही शुगर खाली आणणारी औषधं. आणि खाली अजून एक स्ट्रिप, वेगळा रंग, वेगळं नाव, ही माझी नव्हती. उलटी करून वाचली, ग्लिमेपिराइड 2, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज. म्हणजे तीच दोन औषधं डबल, आणि वर उपवास, पोटात काहीच नाही.

मुलगा बंगळुरूला असतो. मे महिन्यात काकांना तिकडं नेलं, मोठ्या हॉस्पिटलात सगळं चेकअप करून घेतलं, तिथल्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि मुलानं ॲपवरून ऑर्डर करून कोल्हापूरला घरपोच पाठवली. पोरानं मनापासूनच केलं ओ सगळं, त्याला कोण नावं ठेवणार. पण जुनी बंद करा असं कुणी सांगितलं नाही, निदान काकांच्या कानावर तरी आलं नाही, त्यांना वाटलं ही जास्तीची, ताकदीची. (साखरेऐवजी ग्लुकोज नेलं ते पण नशीबच, साधी साखर आधी पोटात फुटावी लागते, मगच रक्तात जाते, आणि व्होग्लिबोज नेमकं ते फुटणंच लांबवतं.)

आता बरं वाटतंय, दवाखाना कशाला, द्वादशीला उपवास सोडल्यावर बघू, असं दोघंही म्हणायला लागले. मी ऐकलं नाही. ग्लिमेपिराइडचा असर रक्तात बराच वेळ राहतो, म्हाताऱ्या माणसात आणि किडनी थकलेली असेल तर अजून जास्त, तासा-दोन तासांनी शुगर परत खाली येऊ शकते. रिक्षा बोलावून ॲडमिट केलं. दुपारी तिथं खरंच परत 58 झाली. किडनीची तपासणी केली तर क्रिएटिनिन 1.8 निघालं, म्हणजे किडनी थकलेलीच. दोन दिवस सलाईनवर होते.

मला त्या रात्री झोप लागली नाही त्याचं कारण दुसरंच. आठ-दहा दिवसांपूर्वी काका दुकानात आलेले, म्हणाले हल्ली संध्याकाळी हात थरथरतात, भूक भूक होते. आणि मी बी-कॉम्प्लेक्स दिली. शुगरची गोळी माझ्याकडून नेणारा माणूस थरथर सांगतोय आणि मी विचारलं नाही की आणखी काय चालू आहे. गर्दी होती, पण ते काही कारण नाही, एक वाक्य विचारायला किती वेळ लागतो.

2018 मध्ये नियम आला की स्ट्रिपवर मूळ औषधाचं नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापायचं, मला फार बरं वाटलेलं तेव्हा. पण ते नाव इंग्रजीत, आणि काकू चौथी शिकलेल्या, त्या रंगावरून गोळी ओळखतात, रंग तर कंपनीगणिक वेगळा. पूर्वी एकच फॅमिली डॉक्टर असायचा, घरातली प्रत्येक गोळी त्याच्या डोळ्याखालून जायची. आता हृदयाचा वेगळा, शुगरचा वेगळा, गुडघ्याचा वेगळा, त्यात ॲप, आणि सगळ्यांच्या गोळ्या एकत्र येतात त्या फक्त बिस्किटाच्या डब्यात. तो डबा कुणीतरी उघडून बघायला पाहिजे आणि माझं स्पष्ट मत आहे की ते काम आम्हा मेडिकलवाल्यांचं पण आहे, नुसतं स्ट्रिप कापून देणं म्हणजे फार्मासिस्ट नव्हे.

काका घरी आल्यावर मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि डबा पलंगावर उपडा केला. एकेक स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरून, डॉक्टरांच्या डिस्चार्ज कागदाशी ताडून, बंद झालेल्या बाजूला काढल्या. राहिलेल्यांवर मार्करनं मराठीत लिहिलं, "साखर, सकाळी, जेवणाआधी", "बीपी, रात्री". मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला दादा, इथून पुढं मी काही पाठवायच्या आधी तुम्हाला फोटो टाकतो.

आता मी प्रत्येक म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला विचारतो, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? काही जण चिडतात, तुला काय करायचंय, दे की. काही जण दुसऱ्या दिवशी खरंच पिशवी घेऊन येतात. दुपारी तीन ते पाच गर्दी नसते, तेव्हा या म्हणून सांगतो.