तुम्ही विचारलंत म्हणून : हिवाळी टायर आपल्या घाटात चालतील का?

जर्मनीतील नोकरी संपवून साताऱ्याला परतल्यापासून गाडीविषयी मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच आहे. तिकडे थंडी सुरू झाली की लोक टायर बदलतात, त्या हिवाळी टायरची पकड जास्त असते असे म्हणतात, तर मग तेच टायर मागवून पावसाळ्यात केळघर किंवा आंबेनळी घाटात का वापरू नयेत? प्रश्न रास्त आहे. जो टायर बर्फावर घसरत नाही तो पाण्यावर कसा घसरेल, असे कोणालाही वाटेल. तरीही माझे उत्तर ‘वापरू नयेत’ असेच असते, कारण कोरडा, ओला आणि बर्फाळ हे तीन रस्ते टायरकडून तीन वेगवेगळ्या आणि पुष्कळदा परस्परविरोधी गोष्टी मागतात, आणि हिवाळी टायरने त्यांपैकी बर्फाचे ऐकायचे ठरवलेले असते.

बर्फावर त्याची बरोबरी साधा, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘उन्हाळी’, टायर करूच शकत नाही. त्याच्या नक्षीतील प्रत्येक ठोकळ्यावर बारीक, नागमोडी चिरा असतात. चाक फिरताना त्या किंचित उघडतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात आणि खाचांमध्ये बर्फ दाबून बसतो. उसाच्या फडातून निघणाऱ्या ट्रॅक्टरच्या टायरने चिखल बाहेर फेकला पाहिजे, नाहीतर तो जागीच फिरत राहतो. इथे मात्र नेमके उलटे आहे. बर्फाला रबरापेक्षा बर्फच अधिक घट्ट धरून ठेवतो, म्हणून हा टायर थोडा बर्फ मुद्दाम स्वतःजवळ राखतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने दाबलेल्या बर्फावरून जाताना ब्रेक मारला, तर चांगल्या हिवाळी टायरची गाडी साधारण ३० मीटरच्या आसपास थांबते आणि उन्हाळी टायरच्या गाडीला जवळजवळ दुप्पट अंतर लागते. गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर मात्र हा फायदा बराच आटतो, म्हणून उत्तर युरोपात धातूचे खिळे बसवलेले किंवा आणखी मऊ रबराचे टायर वेगळे मिळतात.

नक्षीइतकेच महत्त्व रबराच्या मिश्रणाला आहे. डिसेंबरात आपल्या न्हाणीघरातील खोबरेल तेल थिजते तसे उन्हाळी टायरचे रबर थंडीत ताठर होते. फरक इतकाच की ते एका ठरावीक अंशावर अचानक थिजत नाही, हळूहळू आपली लवचीकता गमावत जाते. रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात रबर शिरले नाही की पकड कमी होते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबर यांचे प्रमाण असे ठेवलेले असते, की ते शून्याखालीही मऊ राहावे. युरोपात यासाठी ७ अंश सेल्सिअसचा आकडा सांगितला जातो, परंतु तो ढोबळ संकेत आहे. रस्ता कोरडा असेल तर त्याहून कमी तापमानातही उन्हाळी टायर पुष्कळदा कमी अंतरात थांबतो, ही गोष्ट टायर विकणारे फारशी सांगत नाहीत.

कोरड्या रस्त्यावर मऊ रबर आणि चिरलेले उंच ठोकळे हेच दोष ठरतात. जोरात ब्रेक मारला किंवा वळण घेतले की ठोकळे मुडपतात, स्टिअरिंग सैल वाटू लागते आणि थांबण्याचे अंतर काही मीटरने वाढते. एप्रिल-मे महिन्यांत साताऱ्याचा पारा चाळिशीकडे सरकतो आणि डांबर त्याहून कितीतरी अधिक तापते, तेव्हा हे टायर डोळ्यांदेखत झिजतील.

आता पावसाचे, कारण खरा घोळ इथेच होतो. ओल्या रस्त्यावर हिवाळी टायर चांगला असतो हे अर्धेच खरे आहे. पाऊस आणि थंडी एकत्र असतील, म्हणजे पारा शून्याच्या थोडाच वर असेल, तेव्हा ते खरे असते. महाबळेश्वरच्या जुलैतील पावसात आपल्याला थंडी वाजते, परंतु तिथले तापमान विशीच्या आसपास असते, आणि त्या तापमानाला ओल्या डांबरावर चांगला उन्हाळी टायर लवकर थांबतो. रस्त्यावर पाणी साचून चाक त्यावर तरंगू लागण्याचा धोका तर ऋतूच्या नावावर अवलंबूनच नसतो. मुख्य खाचांची खोली, टायरमधील हवा आणि गाडीचा वेग यांवर तो ठरतो. बर्फासाठी घातलेल्या बारीक चिरा घाटातून वाहणारे पाणी बाजूला सारू शकत नाहीत, ते काम रुंद आणि खोल खाचांचे आहे. कायद्याने कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेली चालते, परंतु आपल्या पावसात मी ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देणार नाही. परदेशी टायरवर होणारा खर्च जूनच्या आधी चार नवे साधे टायर घेण्यात अधिक सत्कारणी लागेल. युरोपातील लेबलवर ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी ‘ए’ ते ‘ई’ अशी स्वतंत्र दिलेली असते आणि भारतातही त्या पकडीची अट घालणारे एआयएस १४२ हे मानक आता लागू आहे. टायर घेताना विचारायची गोष्ट ती.

दरवर्षी वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली की हा प्रश्न पुन्हा एकदा मला येतो. ते हिमकण गवतावर आणि होड्यांच्या फळ्यांवर असतात, आणि ऊन वर येताच जातात. तेवढ्यासाठी टायर बदलण्याचे कारण नाही.

ज्यांना आपली गाडी घेऊन खरोखरच जानेवारीत मनालीच्या पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी एक इशारा आहे. आपल्याकडील अनेक एसयूव्हींच्या टायरवर ‘एम प्लस एस’ (‘मड’ आणि ‘स्नो’, म्हणजे चिखल आणि बर्फ) अशी अक्षरे असतात आणि ती पाहून मालक निश्चिंत होतो. ‘एस’ हे अक्षर बर्फाचे असले, तरी ती खूण कोणतीही बर्फावरील चाचणी न देता उत्पादक स्वतःच कोरू शकतो. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण काढलेले चिन्ह मात्र बर्फावर प्रमाण टायरशी तुलना करूनच मिळते, आणि हिवाळी रस्त्यासाठी केवळ ‘एम प्लस एस’ असलेला टायर जर्मनीने १ ऑक्टोबर २०२४ पासून अमान्य केला आहे. ते चिन्ह आपल्या टायरवर नसेल, तर डिकीत त्याच मापाच्या साखळ्या ठेवाव्यात आणि त्या इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांवर कशा चढवायच्या हे साताऱ्यातच, कोरड्या अंगणात शिकून घ्यावे.