बीटाला बसलात तर कॉमेंट लिहून या

गेल्या आठवड्यात टीममधल्या एका ज्युनियरने विचारलं, ताई ती नवीन सर्टिफिकेशनची बीटा आलीये, अर्ध्या किमतीत आहे, देऊ का? बीटा म्हणजे नवी परीक्षा सगळ्यांसाठी सुरू व्हायच्या आधी तिचे प्रश्नच तपासून बघायला घेतात ती चाचणी परीक्षा. मी दे म्हटलं, पण नुसतं दे म्हणून भागेना, मग टपरीवर चहा घेत उभ्या उभ्या अर्धा तास त्याच्याशी बोलले आणि घरी आल्यावर वाटलं हे सगळं एकदा लिहूनच ठेवावं. हा प्रश्न मला दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी विचारतंच, आणि विचारतात ते फक्त किमतीचं.

तर किमतीचं आधी उरकते. मी पहिली बीटा दिली ती एडब्ल्यूएसची, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउड कंपनीची, डेटा इंजिनियर असोसिएट. ती २७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ ला बंद झाली. फी ७५ डॉलर, नेहमीची १५०. तेव्हा मी पैसे वाचतात म्हणूनच बसले होते. ग्लू, रेडशिफ्ट, अथेना ही त्यांची डेटाची साधनं प्रोजेक्टवर रोजचीच होती, म्हटलं निम्म्यात होतंय तर करून टाकू. अभ्यासाला बाजारात काहीच नव्हतं, ना कोर्स ना नोट्स, फक्त अधिकृत एक्झाम गाइड आणि डॉक्युमेंटेशन. आता मागे वळून बघितलं तर तोच माझा सगळ्यात चांगला अभ्यास झाला असं वाटतं, कारण कोणाचे तयार प्रश्न पाठ करायची सोयच नव्हती, गाइडमधली एकेक ओळ घेऊन हे मी कधी हाताने केलंय का एवढंच स्वतःला विचारत गेले.

बीटाला प्रश्न जास्त असतात हे कागदावर वाचून कळत नाही, तिथे बसल्यावर कळतं. नेहमीच्या परीक्षेला ६५ प्रश्न आणि १३० मिनिटं, बीटाला ८५ प्रश्न आणि १७० मिनिटं. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला दोन मिनिटं हा हिशोब तोच आहे, फक्त डोकं तीन तासांना दहा मिनिटं कमी एवढा वेळ जागं ठेवायचं. सेंटरवर मोबाइल, घड्याळ, पर्स सगळं लॉकरमध्ये, खिसे उलटे करून दाखवायचे, मग हातात एक लॅमिनेट केलेला पांढरा बोर्ड आणि मार्कर मिळतो. माझा मार्कर साठाव्या प्रश्नाच्या आसपास सुकला, हात वर करून दुसरा मागायचा तर तेवढाच वेळ जाणार म्हणून मी बोटाने बोर्डवर नुसत्या रेघा ओढत पाइपलाइन, म्हणजे डेटा कुठून कुठे कसा जातो तो रस्ता, मनात जुळवत बसले. सत्तरीच्या पुढचा एक प्रश्न मी तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचतानाच लक्षात आलं की मला विषय येतोय, वाक्य कळत नाहीये.

ते वाक्य मी तसंच सोडलं, चारातला एक पर्याय निवडला आणि पुढे गेले. याची चुटपुट मला नंतर लागली, जेव्हा त्या परीक्षेचं पुढे काय होतं ते मी नीट समजून घेतलं.

आमचे अण्णा विट्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवायचे. घटक चाचणीचा पेपर काढला की ते आधी शेजारच्या वर्गाच्या बाईंना सोडवायला द्यायचे, आणि पेपर तपासून झाले की वहीत टिपून ठेवायचे, कुठलं गणित किती पोरांना आलं. एखादं गणित पहिल्या पाच पोरांचंच चुकलं आणि मागच्या बाकावरच्यांचं बरोबर आलं तर ते पोरांना काही बोलायचे नाहीत, आधी पेपर काढून प्रश्न परत वाचायचे. बहुतेक वेळा छपाईत काहीतरी राहिलेलं असायचं नाहीतर उत्तरच चुकीचं धरलेलं असायचं.

बीटा एक्झामचं काम हुबेहूब हेच आहे, फक्त आकड्यांनी. शेकडो लोकांनी प्रश्न सोडवले की सायकोमेट्रिशियन म्हणजे परीक्षाशास्त्रातली माणसं प्रत्येक प्रश्न वेगळा काढून बघतात. किती टक्के लोकांना आला ती झाली त्याची काठिण्यपातळी. शंभरातल्या ९८ जणांना आला तर तो कोणाला ओळखायच्या कामाचा नाही. मग ज्यांचा एकूण स्कोअर वरचा आहे त्यांना तो आला का आणि खालच्यांना नाही आला का, याला म्हणतात डिस्क्रिमिनेशन, म्हणजे तो प्रश्न जाणता माणूस आणि अंदाजपंचे ठोकणारा माणूस यांना वेगळं करतो की नाही. हा आकडा उणे आला, म्हणजे हुशारांचं चुकतंय आणि बाकीच्यांचं बरोबर येतंय, तर उत्तरतालिका चुकलीये का ते आधी बघायचं. चुकीच्या पर्यायांचीसुद्धा झडती होते, एखादा पर्याय कोणीच निवडला नसेल तर तो नुसता जागा अडवून बसलाय. यातून जे प्रश्न टिकतात ते खऱ्या परीक्षेत जातात. डेटा इंजिनियरच्या आताच्या परीक्षेत तर ६५ पैकी ५० प्रश्नांनाच गुण आहेत, उरलेले १५ बिनगुणांचे आणि ते कुठले हे तुम्हाला सांगत नाहीत. म्हणजे बीटा संपली तरी छोटी बीटा प्रत्येक परीक्षेच्या पोटात चालूच असते.

रिझल्टला उशीर का होतो हेही यातच आलं. नेहमीच्या परीक्षेचा निकाल थोड्या दिवसांत येतो, बीटाचा मात्र ती बंद झाल्यावर सुद्धा साधारण ९० दिवसांपर्यंत लागू शकतो. मला तो येईपर्यंत दुपारचं ऊन तापायला लागलं होतं आणि मधल्या काळात मी दर दोन दिवसांनी लॉगिन करून बघत होते. पण पास कितीला हेच आधी ठरलेलं नसतं, तर निकाल लावणार कशाच्या जोरावर? पासची रेघ ठरवायला बऱ्याच ठिकाणी अँगॉफ पद्धत वापरतात, विल्यम अँगॉफ यांच्या १९७१ च्या लेखनामुळे ते नाव पडलं. त्या कामात मुरलेली दहा-पंधरा माणसं एकत्र बसवतात आणि त्यांना सांगतात, काठावरचा माणूस डोळ्यासमोर आणा, म्हणजे जो या कामाला जेमतेम लायक आहे असा. असे शंभर काठावरचे असतील तर हा प्रश्न त्यांच्यातल्या किती जणांना येईल? प्रत्येकाचा आकडा घ्यायचा, चर्चा करायची, सरासरी काढायची, सगळ्या प्रश्नांची बेरीज झाली की रेघ ठरली. चर्चेत बीटाचे खरे आकडेही समोर ठेवता येतात, म्हणजे तज्ज्ञ म्हणाले हा सोपा आहे आणि प्रत्यक्षात निम्म्यांचा गेला, तर ते परत विचार करतात. मला ही पद्धत फार आवडते. पहिल्या आलेल्या माणसावर नाही, काठावरच्यावर एवढी डोकेफोड करतात.

आता मुद्द्याचं. आकडे फक्त एवढंच सांगतात की प्रश्नात काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते सोडवणाऱ्यानेच सांगायला लागतं. निम्म्यांचं उत्तर चुकलं, पण विषय येत नव्हता म्हणून का वाक्य दोन अर्थांचं होतं म्हणून, हे टक्केवारीत दिसत नाही. मी ज्या प्रश्नावर अडले तिथे माझं एक चुकीचं उत्तर आकड्यात जमा झालं असेल आणि ज्यांनी तो प्रश्न लिहिला त्यांना वाटलं असेल, हिला हा विषय येत नाही.

यात आपला, म्हणजे मराठी माध्यमातून आलेल्यांचा, थेट संबंध आहे असं मला मनापासून वाटतं. बहुतेक बीटा आधी फक्त इंग्रजीत येतात. त्या प्रश्नांचा एक साचा असतो, आठ-दहा ओळींची गोष्ट आणि शेवटी एक अट, लीस्ट ऑपरेशनल ओव्हरहेड म्हणजे सांभाळायला सगळ्यात कमी काम, किंवा मोस्ट कॉस्ट-इफेक्टिव्ह म्हणजे खर्चात सगळ्यात परवडणारं. त्या साच्याची सवय होते, ते काही अडचणीचं नाही. अडचण होते तेव्हा जेव्हा वाक्यात दोन नकार येतात, नाहीतर दोन टेबलांची नावं सांगून पुढे नुसतं ‘इट’ येतं आणि ते कुठल्या टेबलाचं ते कळत नाही, नाहीतर बेसबॉलमधून आलेला एखादा वाक्प्रचार मध्येच टपकतो. डेन्व्हरमधल्या माणसाला तिथे थांबायलाही लागत नाही, आणि दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकलेली, आठ वर्षं रोज डेटा पाइपलाइन चालवणारी बाई तिथे दीड मिनिट घालवते. ती परीक्षा मग डेटाची राहिली नाही.

हे परीक्षाशास्त्रवाल्यांना माहीत नाही असं नाही. दोन गटांतल्या सारख्याच तयारीच्या लोकांना एकच प्रश्न वेगवेगळा अवघड जातोय का हे तपासायची पद्धत आहे, डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग म्हणतात तिला. पण ती चालायला त्या गटातली पुरेशी माणसं आधी बसायला तर हवीत. एका कंपनीच्या बीटाचा सवलतीचा कोड मी घ्यायला गेले तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, भारतात चालणार नाही. पैशाचं एवढं नाही, पण मला वाईट याचं वाटलं की मग त्या प्रश्नांची पहिली चाचणी आपल्या लोकांवर जवळजवळ होणारच नाही, आणि नंतर तीच परीक्षा पुण्यात, नाशकात, नागपुरात हजारो पोरं पूर्ण फी भरून देणार.

माझा चुलतभाऊ एमपीएससी करायचा. त्यांच्याकडे परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका येते, मग हरकती मागवतात, मग अंतिम उत्तरतालिका, त्यात काही प्रश्न रद्द झालेले असतात. तो पुराव्याला पुस्तकांची पानं जोडून हरकत तयार करायचा, एकेका प्रश्नासाठी दोन-दोन दिवस लायब्ररीत. कारण त्या एका प्रश्नावर त्याची मेन्स अडकलेली असायची. बीटा म्हणजे माझ्या मते ही हरकत नोंदवायची संधी परीक्षा सुरू व्हायच्या आधीच मिळणं, आणि आपण ती अर्ध्या किमतीचं कुपन समजून वापरतो.

म्हणून दुसऱ्या बीटाला, ती वेगळ्या कंपनीची होती, मी ठरवूनच गेले. तिथे सगळे प्रश्न संपल्यावर परत एकेका प्रश्नावर जाऊन कॉमेंट लिहायची सोय होती, उत्तर बदलता येत नव्हतं. सोडवताना बोर्डवर मी फक्त प्रश्नांचे नंबर लिहीत गेले आणि समोर एक अक्षर, ‘भा’ म्हणजे भाषा, ‘जु’ म्हणजे जुनं झालेलं फीचर, ‘दो’ म्हणजे दोन उत्तरं बरोबर. शेवटी अकरा नंबर झाले होते. त्यातल्या नऊ प्रश्नांवर मी लिहिलं. शेवटी शेवटी बोटं गार पडली होती, एसी एकदम डोक्यावर होता, पण एक सांगते, एवढ्या परीक्षा दिल्या, त्या पंचवीस मिनिटांत पहिल्यांदा असं वाटलं की पलीकडे कोणीतरी माणूस आहे आणि मी त्याच्याशी बोलतेय.

कॉमेंट कशी लिहायची तर प्रश्न अवघड होता, वेळ पुरला नाही, असलं लिहून कोणाचाच फायदा नाही. लिहायचं असं की यातलं ‘ते’ नव्या टेबलाला लागू धरलं तर ब बरोबर येतं, जुन्या टेबलाला धरलं तर ड, कुठलं अपेक्षित आहे ते स्पष्ट करा. किंवा, हे कामात आम्ही असं करत नाही, कारण अमुक इतका डेटा झाला की हे चालत नाही. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, व्याकरण कोणी तपासत नाही, दोन अर्थ कुठे निघतात ते दाखवलं की झालं. आणि जे लिहायचं ते तिथेच, त्या खिडकीत. बाहेर येऊन ग्रुपवर प्रश्न टाकायचे नाहीत, आपण सुरुवातीला गोपनीयतेची अट मान्य केलेली असते, आणि फुटलेला प्रश्न कितीही चांगला असला तरी बाद होतो, मग त्याच्यावर घेतलेली सगळ्यांची मेहनत वाया.

प्रत्येकाने बसावंच असं मी म्हणणार नाही. महिन्याभरात नोकरी बदलायचीय आणि सर्टिफिकेट हातात हवंय तर नेहमीची परीक्षा द्या. ऑफिस फक्त पास झाल्यावरच पैसे देत असेल तरी आधी विचार करा, कारण एडब्ल्यूएसची बीटा एकाला एकदाच देता येते, गेली तर खरी परीक्षा सुरू होईपर्यंत थांबायचं. आणि ते काम तुम्ही प्रत्यक्ष केलेलंच नसेल तर तुमच्या ठोकून दिलेल्या उत्तरांनी आकडेही बिघडतात, हे लोक लक्षात घेत नाहीत. पास झालात तर मात्र सर्टिफिकेट पूर्ण किमतीवाल्यांना मिळतं तेच मिळतं, त्यावर बीटा म्हणून कमीपणा नसतो.

आमचा ज्युनियर परभणीचा, बारावीपर्यंत मराठी माध्यम, काम एकदम चोख करतो. त्याला मी टपरीवर शेवटी जे सांगितलं ते इथेही सांगते. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांना एडब्ल्यूएस ३० मिनिटं जास्त देतं, पण ती आपण होऊन मागायला लागतात, अकाउंटमध्ये अकोमोडेशन म्हणजे खास सोयी म्हणून पर्याय आहे तिथे, आणि स्लॉट बुक करायच्या आधी. एकदा बुक केल्यावर ती त्या बुकिंगला लागत नाहीत. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवून तिथेच मोबाइल काढला, तर बुकिंग आदल्या रात्रीच करून झालेलं होतं. मग आम्ही ते आधी रद्द केलं, वेळ मागितली, आणि ती मंजूर झाल्यावर परत बुक केलं.