पाटीलगतचे पट्टे अखेर दिसले

वाहत्या पाण्यात पाटीला लागून संथ पाण्याचे लांब पट्टे तयार होतात. ते बघण्यासाठी सहा आठवडे पाण्यात रंग सोडून झटल्यावर या वेळी हायड्रोजनच्या बुडबुड्यांकडे वळलो. रंगाची एक खोड आहे. तो पाण्यात इतका सावकाश विरतो की भोवरा विझून गेला तरी त्याची वेटोळी पुढे तशीच वाहत राहतात. समोर दिसतोय तो जिवंत भोवरा की मागे घडून गेलेला, ते कळतच नाही.

मांडणी अशी: तळाशी सपाट पाटी आणि बाउंडरी लेयर (पाटीलगतचा मंदावलेल्या पाण्याचा थर) लवकर टर्ब्युलंट, म्हणजे खळबळता, व्हावा म्हणून पुढच्या कडेला 3 मिमीची सळई. पाण्याचा वेग सेकंदाला 15 सेंमी. पाटीपासून जेमतेम 0.7 मिमी वर, प्रवाहाला आडवी, 50 मायक्रॉनची प्लॅटिनमची तार. ती विजेच्या ऋण टोकाला, म्हणजे तिच्यावर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. ग्रॅफाइटची कांडी धन टोकाला, बरीच पुढे. पाण्यात थोडं सोडियम सल्फेट. मीठ अजिबात टाकू नका, क्लोरीन सुटतो.

पहिले दोन दिवस बुडबुड्यांची चादर जागोजागी फाटलेली. मला वाटलं, पट्टे सापडले! पण फटी दर वेळी त्याच जागी. पट्टे असते तर सरकले असते. तारेवर साका चढला होता. दहा सेकंद ध्रुव उलटे केले आणि तार स्वच्छ.

मग काल रात्री, बाजूने दिवा लावल्यावर, ते दिसलं. तारेपाशी एकसंध असलेली चादर थोडं पुढे जाताच विंचरल्यासारखी लांब बटांमध्ये गोळा होते. या बटा म्हणजेच ते पट्टे, मागे रेंगाळणारं पाणी. त्यातली एखादी हळूच वर उचलली जाते, दोन-तीन हेलकावे घेते आणि क्षणात विस्कटते. मी किती तरी वेळ नुसता बघत बसलो.

प्रवाहांचे अभ्यासक क्लाइन आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये स्टॅनफर्डला याच पद्धतीने हे पट्टे दाखवले. दोन पट्ट्यांतलं सरासरी अंतर भिंतीच्या एककांत सुमारे 100 येतं. हे एकक म्हणजे पाण्याची (गतिक) स्निग्धता भागिले घर्षणवेग, आणि घर्षणवेग म्हणजे पाटीवरच्या घर्षणावरून काढलेला वेग. घर्षणवेग मुख्य वेगाच्या 5 टक्के धरला, तर माझ्याकडे एक एकक 0.13 मिमी, म्हणजे अंतर 13 मिमी यायला हवं. चाळीस फ्रेम मोजल्या: सरासरी 14, पण एकेक अंतर 8 पासून 22 पर्यंत. घर्षणवेग अंदाजाने धरलेला आहे, त्यामुळे या जुळण्यावर अजून फार भर देत नाही.

आता तार उभी लावून सेकंदाला विजेचे दहा स्पंद देणार आहे. बुडबुड्यांच्या रेषा किती वाकतात त्यावरून पाटीजवळचा वेगच वाचता येईल, मग घर्षणवेग धरून चालावं लागणार नाही.