म्युरेन: बिर्गपासून सुरू केलं तरी कानोनेनरोर सुटत नाही

स्वित्झर्लंडमधल्या म्युरेनला स्कीइंगला निघालेल्या माणसाला जो तो एकच गोष्ट सांगतो. "शिल्टहॉर्नच्या माथ्यावरून उतरू नका, तो काळा, म्हणजे सर्वांत अवघड, उतार आहे. बिर्गपासून सुरू करा, पुढे सोपं आहे." यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे आणि दुसरं सपशेल चूक. मध्यम तयारीच्या माणसाची सुट्टी याच दुसऱ्या वाक्यापायी बिघडते.

शिल्टहॉर्नचा माथा २,९७० मीटर, त्याखालचं केबलकारचं स्टेशन बिर्ग २,६७७, म्युरेन गाव साधारण १,६४० मीटर. बिर्गला केबलकारमधून उतरलं की माथ्याचा काळा उतार टळतो, हे खरं. पण माथ्यावरून येणारे आणि बिर्गवरून येणारे, दोघेही खाली एंगेटालच्या खोलगट भागात पोहोचतात. तिथून स्कीवर गावाकडे यायचं तर कानोनेनरोर लागतोच. नावाचा अर्थ तोफेची नळी. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मधे अरुंद पट्टी आणि दरीच्या कडेला जाळ्या. सह्याद्रीत ज्याला आपण एक्स्पोजर म्हणतो तेच इथे आहे, फक्त पायाखाली दगडाऐवजी कडक बर्फ आणि पायात स्की. नकाशावर ही एक बारीक रेघ दिसते. रेघेवरून रंग कळतो, रुंदी कळत नाही.

पट्टी इतकी कडक का होते तेही समजून घ्या, कारण वेळ त्यावरून ठरवायची आहे. दिवसभर वरून आलेला प्रत्येक जण इथे घाबरून आडव्या स्कीने घसरत उतरतो. त्या घसरण्याने वरचा मऊ थर खरवडून कडेला जातो आणि खाली काचेसारखा थर उघडा पडतो. मार्चमध्ये दुपारच्या उन्हात तो ओला होतो, रात्री पुन्हा गोठतो. रात्री बर्फ सपाट करणारं यंत्र फिरून गेलेलं असतं तेव्हा सकाळी पहिल्या तासात पकड सर्वांत चांगली. दुपारी तीननंतर थकलेले पाय, खरवडलेला बर्फ आणि मागून येणारी गर्दी एकत्र येते. जायचंच असेल तर सकाळी जा. तीननंतर तिकडे वळूच नका.

स्नोप्लोवर, म्हणजे स्कींची पुढची टोकं जवळ आणून वेग आवरण्यावर, विसंबून इथे येऊ नका. कडक बर्फावर दोन्ही स्कींच्या आतल्या कडा अर्धवट टेकतात, धरत एकही नाही. वेग वाढत जातो आणि वळून चढाकडे तोंड करून थांबायला जागा नसते. इथे लागतो साइडस्लिप. स्की उतारावर आडव्या, खालच्या स्कीवर बहुतेक वजन, गुडघे वाकलेले, छाती दरीकडे. घोटे डोंगराकडे झुकवले की कडा धरतात, सैल सोडले की घसरण सुरू होते. भीतीने शरीर आपोआप डोंगराकडे कलतं, आणि तसं कललं की खालची स्की निसटते. पडणारे बहुतेक असेच पडतात. पुढचा माणूस पार झाल्यावरच निघा, आणि मधे थांबायचंच झालं तर कातळाच्या बाजूला थांबा. पडलात तर आधी दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या आणा. स्की निघाली असेल तर बुटाच्या तळाचा बर्फ खरवडून काढा आणि आधी खालची स्की चढवा. तळाला बर्फ चिकटलेला असला तर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, लागल्यासारखं वाटतं आणि पहिल्याच वळणाला सुटतं.

कसोटी सोपी आहे. गावाजवळच्या लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतारावर दोन्ही बाजूंना पन्नास मीटर साइडस्लिप न पडता आणि न वळता जमतो का? नसेल जमत तर बिर्गला नजारा पाहा, कॉफी घ्या आणि केबलकारने खाली या. त्यात कमीपणा काही नाही. निर्णय बिर्गच्या स्टेशनवरच घ्या, एंगेटालमध्ये उतरल्यावर नव्हे. केबलकारच्या परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच टिपून ठेवा. वरचा सगळा भाग झाडांच्या रेषेच्या वर आहे. ढग आले की जमीन आणि आकाश एकाच रंगाचं होतं, उंचसखल कळेनासं होतं. अशा दिवशी अंधुक उजेडासाठीच्या एस१ काचेचा गॉगल लागतो, भर उन्हाची एस३ काच कामाची नाही. आणि हिमस्खलनाचा इशारा तीन किंवा वर असेल तर खांबांनी आखलेल्या वाटेबाहेर पाऊलही टाकू नका.

गावाजवळचा विंटरेग, आल्मेंडहुबेल हा भाग छान आहे, उन्हाचा आहे, सोपा आहे. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

आता पैसे. भाड्याच्या दुकानात तीन ठिकाणी खिसा कापला जातो. पहिलं, वरच्या दर्जाची स्की गळ्यात मारणं. शिकाऊ आणि मध्यम माणसाला हनुवटी ते नाक एवढ्या उंचीची साधी स्की पुरते. महागडी ताठ स्की उलट वळायला जड जाते. त्याऐवजी कडा नुकत्याच घासल्या आहेत का ते विचारा आणि नखावर हलकेच ओढून बघा, नखाचा कीस निघाला पाहिजे. कानोनेनरोरवर हीच गोष्ट वाचवते. दुसरं, हेल्मेट भाड्यात धरलंय असं वाटतं, बिलात ते वेगळं लागतं. तिसरं, कार्ड मशीन रुपयांत की फ्रँकमध्ये असं विचारतं. नेहमी फ्रँक निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर मशीनवाल्यांचा लागतो आणि तो कायम वाईट असतो.

बूट मात्र घाई न करता घ्या. माप सेंटीमीटरमध्ये असतं. टाच भिंतीला लावून, पूर्ण वजन टाकून पाऊल मोजा. २६ आणि २६.५ चं बाहेरचं कवच बहुधा एकच असतं, त्यामुळे अर्ध्या मापासाठी वाद घालू नका. आतलं अस्तर काढून पाय घाला. बोटं पुढे टेकल्यावर टाचेमागे दीड ते दोन सेंटीमीटर जागा हवी. त्याहून जास्त असेल तर टाच उचलली जाते आणि कडेवर ताबा राहत नाही. पायमोजा एकच, पातळ. थंडी वाजेल म्हणून दोन घातले तर रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतात. फॉर्मवर वजन, उंची, वय खरं लिहा आणि कौशल्य स्वतःला वाटतं त्याहून एक पायरी खाली. बाइंडिंग किती जोर आल्यावर सुटेल ते या आकड्यांवर ठरतं. फुशारकीचा आकडा म्हणजे पडताना न सुटणारी स्की आणि पिळवटलेला गुडघा.

शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा घेतलेला असतोच. त्याची अटींची पानं वाचा. स्वस्त पॉलिसींमधून हिवाळी खेळ बरेचदा वगळलेले असतात. हिवाळी खेळ, डोंगरातला शोध व बचाव आणि हेलिकॉप्टर हे तिन्ही शब्द पॉलिसीत दिसले पाहिजेत. हवाई बचावाचा नंबर १४१४. हेलिकॉप्टरचं बिल काही हजार फ्रँकमध्ये जातं.

पोहोचताना एकच घोटाळा होतो. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वाइल्युचिनेनला दुभंगते. अर्धी ग्रिंडेलवाल्डला जाते, अर्धी लाउटरब्रुनेनला. डब्यावरची पाटी वाचूनच बसा. लाउटरब्रुनेनला स्टेशनसमोरून केबलकारने ग्रुटशाल्प आणि तिथून छोट्या रेल्वेने म्युरेन. दुसरा रस्ता बसने श्टेशेलबर्ग आणि तिथून डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या नव्या केबलकारने थेट गावात. गाव मोटारीविना आहे आणि लांबट आहे. रेल्वे एका टोकाला, केबलकार दुसऱ्या टोकाला, मधे बॅग ओढत दहा-पंधरा मिनिटं बर्फातली चाल. हॉटेल कुठल्या टोकाला आहे ते पाहून मगच रस्ता ठरवा. स्विस ट्रॅव्हल पास म्युरेनपर्यंत चालतो, स्कीपास, म्हणजे उतारांवरच्या लिफ्टचं तिकीट, त्यात नाही.

पहिल्यांदाच स्की पायात बांधणाऱ्यांनी म्युरेन घेऊ नये, समोरचं वेंगेन घ्यावं. तिथे शिकायचा उतार गावातच आहे आणि पुढे मेनलिखेन, क्लाइने शाइडेगकडचे उतार रुंद आहेत. औली किंवा गुलमर्गचा कोर्स केलेल्यांनी म्युरेन जरूर घ्यावं, पण पहिले दोन दिवस खालीच काढावेत. ट्रेकच्या चढाने पाय भक्कम होतात, तरी अर्धवट वाकलेल्या गुडघ्यांवर तासन्तास उभं राहण्याची मांड्यांना सवय नसते. जायच्या सहा आठवडे आधीपासून भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसा, रोज तीन वेळा, दोन-दोन मिनिटं.

जानेवारीतला इन्फर्नो शर्यतीचा आठवडा सोडून तारखा धरा. १९२८ पासूनची ही शर्यत, सुमारे १,८५० स्कीपटू उतरतात, खोल्या मिळत नाहीत आणि वरची वाट शर्यतीसाठी बंद असते. खाऊ न्यायचा तर चिवडा, भाजणी, लाडू न्या, पण तूप, पेढे, श्रीखंड घरी ठेवा. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. तुपातले लाडू नकोत, तेलातले न्या.