शिसवी पलंगाची गादी

आमचं साताऱ्यात गाद्यांचं छोटं वर्कशॉप आहे, फोम कापायचा, कव्हर शिवायचं, पोचवायचं. परवा व्हॉट्सअ‍ॅपवर माप आलं, ७३ बाय ५३. मी फोन करून विचारलं, ताई ५३ नक्की ना, कारण बाजारात रुंदी ३०, ३६, ४८, ६०, ७२ अशी चालते, ५३ ची तयार गादी कुणी ठेवत नाही. त्या म्हणाल्या वाईला वाड्यात आजीचा जुना शिसवी पलंग आहे, ४८ ची रेडीमेड आणून झाली, पण बाजूला पाच इंच फट राहते आणि त्यात चादरीच्या वळकट्या कोंबून आजी झोपतात. म्हटलं मी येतोच.

जुन्या पलंगाला नुसत्या टेपवर विश्वास ठेवायचा नाही, ब्राऊन पेपर अंथरून साचाच काढायचा. आणि बरं झालं काढला. डोक्याकडे ५३ भरली पण पायाकडे सहा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी, म्हणजे सव्वाबावन्न, दोन्ही कर्ण मोजले तर तेही जुळेनात. सुताराला दोष नाही हो, हाताने रंधून केलेलं काम, त्यात लाकूड इतक्या वर्षांत थोडंफार हलणारच. शिवाय मच्छरदाणीचे चारही खांब कोपऱ्यात दीड दीड इंच आत आलेले, म्हणजे गादीचे चारी कोपरे खाच मारून कापायचे.

पण खरी भानगड जाडीची होती. लांबी-रुंदी सगळे मोजतात, जाडी कुणी सांगत नाही, ती आवडीनुसार घ्यायची असते असं वाटतं. ताईंना आठ इंची मेमरी फोम हवा होता. पलंगाची नवार जमिनीपासून २२ इंचावर, त्यावर आठ म्हणजे ३०, आणि आजी माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. आत्ताच त्या एका लाकडी पायरीवर पाय देऊन चढतात. मी टेप धरून भिंतीवर खडूने खूण केली आणि म्हटलं आजी, गादी इथपर्यंत येईल. त्या म्हणाल्या, "मग शिडी पण तूच देणार का?" ताई हसल्या आणि आठ इंचाचा विषय संपला. शिवाय एवढी जाड गादी टाकली असती तर डोक्याकडची कोरीव जाळी निम्मी झाकली गेली असती.

आजींना तर फोमच नको होता, पाठ तापते म्हणे, कापसाचीच हवी. ताईंचं म्हणणं कापसाची गादी दबते, गोळे होतात, दर काही वर्षांनी पिंजायला लागते आणि ती उन्हात टाकायला गच्चीवर नेणार कोण. दोघींचंही बरोबर. मी मधला मार्ग सुचवला, खाली तीन इंच रीबॉन्ड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला कडक फोम, आणि वर दीड इंचाची पातळ कापसाची गादी, ती एकटी बाई पण उचलू शकते. माळ्यावर त्यांची जुनी गादी पडलेली होती, कापूस चांगला होता, तोच आमच्या शेजारच्या पिंजाऱ्याकडून मशीनवर पिंजून घेतला. (नाही, आत सोनंनाणं काही निघालं नाही, सगळे हेच विचारतात.)

नवार पार सैल झालेली, त्यावर काहीही टाकलं तरी झोळीच होणार. अख्खा प्लाय टाकायचा तर वाईच्या पावसाळ्यात खालून हवा नाही, गादीला बुरशी धरते. म्हणून प्लायच्या चार इंची पट्ट्या कापून दोन दोन इंच अंतराने आडव्या बसवल्या. पलंगाच्या आतल्या कडेला नवार अडकवायची खाच आहे तिच्यावरच त्या टेकतात, एकही खिळा मारला नाही, शिसवीला खिळा मारायची माझी तरी हिंमत नाही.

आता जिना. वाड्याचा जिना भिंतीतला, दोन फूट रुंद, मध्ये वळण आणि वर झाकणाचं दार. पलंग तिथून गेला कारण तो पूर्ण सुटा होतो. रीबॉन्ड मात्र वाकत नाही, वाकवला तर तडे जातात. म्हणून गादी उभी चिरून दोन भाग केले आणि वर एकच चेनचं कव्हर शिवलं. आडवी चिरली असती तर जोड बरोबर कमरेखाली आला असता. दोन्ही भाग तिरपे असल्यामुळे डावा उजवीकडे बसतच नाही, त्यामुळे कव्हरच्या आत मार्करने मोठ्या अक्षरात डोकं, डावा, उजवा लिहून दिलंय.

बसवताना पोरांनी खांबांपाशी जरा जोर लावला आणि चारी खाचा झकास बसल्या, दोन सूताची जागा मुद्दाम सोडली होती चादर खोचायला. आजी पायरीवरून चढल्या, बसल्या, हाताने दाबून बघितलं, "कापूस माझाच आहे ना?" एवढंच विचारलं.

बिल देताना त्यांनी हिशोब काढला. फोम तू पूर्ण चौकोनाचा लावलास, मग कोपरे कापले त्याचे तुकडे कुठे गेले? ताई म्हणाल्या आजी, राहू दे आता. पण मुद्दा बिनतोड होता, पैसे ७३ बाय ५३ चेच लावले होते. गाडीत पिशवी होती ती आणून दिली, आजींनी तुकडे मोजून घेतले आणि मगच पैसे सोडले.